टाकळीच्या रस्त्यावर पळताना

कार्तिक लागला की आधी माझे पाय जागे होतात आणि मग मी. पहाटे पांघरुणाच्या आत पोटऱ्या उगीचच चुळबुळ करू लागतात. खिडकी उघडली की अमरावतीची ती ओळखीची हवा आत येते, थोडी धुळीची, थोडी जाळलेल्या पाल्याची, आणि रात्रभर मोर्शीकडून आलेल्या संत्र्यांच्या ट्रकांचा आंबूस वास तिच्यात मिसळलेला. आता मी पळत नाही. गुडघ्यांनी रीतसर राजीनामा दिला त्याला बरीच वर्षं झाली. पण पायांना ही बातमी कोणी दिलेली दिसत नाही. ते दर वर्षी या दिवसांत मला त्या एका हिवाळ्यात घेऊन जातात.

मी चाळिशी उलटल्यावर पळायला लागले. का, हे मला त्या वेळी सगळ्यांनी विचारलं. शुगर निघाली का? डॉक्टरनं सांगितलं का? काही नवस बोललात का? आपल्याकडे माणसानं पळायचं तर पुढे गाडी तरी सुटत असली पाहिजे, नाहीतर मागे कुत्रं तरी लागलेलं असलं पाहिजे. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. नववीला श्वसनसंस्था शिकवताना फुप्फुसांची आकृती फळ्यावर काढली आणि खडू हातात धरून मनात आलं, ही दोन आपल्याही छातीत आहेत, पण त्यांना आपण कधी कामाला लावलंच नाही. ज्या घरात जन्मापासून राहिलो त्याच्या मागच्या खोल्या कधी उघडूनच पाहिल्या नाहीत, असं काहीतरी वाटलं. त्याच आठवड्यात पेपरात एक लहानशी बातमी होती, अकोल्याला हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन होणार, एकवीस किलोमीटर, सर्वांसाठी खुली. सर्वांत मीही आले, असा मी हिशेब केला.

माझ्या घराखाली नसरीनआपांचं लेडीज टेलरचं दुकान होतं. पळण्यासाठी कपडे शिवायचे म्हटल्यावर त्यांनी मशीनचा पाय उचलला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भागने का ड्रेस? बाई, तुले कोनी घरातून भगाकर ले जानेवाला है क्या? असेल तर सांग, फिर मैं लेस लगाके सीती हूँ."

लेस न लावता त्यांनी मला गुडघ्याखाली निमुळती सलवार आणि आखूड कुर्ता शिवून दिला. किल्लीसाठी आतून एक चोरखिसा ठेवला. "पळता पळता किल्ली पडली तर घरात कोन हाय दरवाजा उघडायले?" त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. मी एकटीच राहायची.

पहिले काही दिवस मी नुसती थक्क होत होते. आपला श्वास आपल्याला ऐकू येतो, आणि तो दोन माणसांचा वाटतो, एक पुढे पळणारा आणि एक मागून विनवण्या करणारा. पहिला चढ आला की उजव्या बरगडीखाली कळ येते. मग तिच्याकडे दुर्लक्ष केलं की ती निघून जाते, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी. कुठून येते? कुठे जाते? पुस्तकात होतं थोडंफार, पण त्यानं माझं समाधान होईना. घाम आधी पाठीला का येतो, थंडीत कान का दुखतात, दमल्यावर बरोबर लहानपणीचीच गाणी का आठवतात? मी रोज नवे प्रश्न घेऊन घरी यायची आणि पोहे खाताना ते चघळत बसायची. इतकं कुतूहल मला कॉलेजात असतानाही नव्हतं.

रस्ता मी टाकळीचा धरला. वऱ्हाडात कुठेही डोळे मिटून दगड भिरकावला तर तो एखाद्या टाकळीतच पडतो, त्यामुळे ही कोणती टाकळी ते सांगण्यात अर्थ नाही. मोर्शी रोडवरून एक लहान डांबरी फाटा आत जायचा. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मध्ये तुरीचे तास. मग टाकळी. टाकळी ओलांडली की पुन्हा वावरं आणि शेवटी नाल्यावरचा पूल. पुलाला हात लावून मी परत फिरायची. जाताना अंधार असायचा आणि गाव झोपलेलं. परत येताना उजाडत असायचं. तुरीची पिवळी फुलं त्या उजेडात आधी दिसायची, बाकी सगळं नंतर. कापूस फुटू लागला तेव्हा तर वाटलं, वावरातच आधी उजाडतंय आणि मग आभाळात.

पहिल्यांदा पुलापर्यंत गेले त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. परतताना टाकळीत शिरले ती चांगली जोरात. हापशीवर बाया पाणी भरत होत्या. एकीच्या हातातला गुंड, म्हणजे घागर, तसाच राहिला. चौकात शेकत बसलेले दोघे-तिघे ताडकन उठले. कोणीतरी आत ओरडलं, कोणीतरी बाज बाहेर काढली, आणि माझ्या उलट दिशेनं, वावरांकडे, माणसं पळायला लागली. मला काही समजेना. एवढ्यात एका बाईनं माझं कोपर घट्ट धरलं. काळी-सावळी, हाडकुळी, माझ्याच वयाची. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"कोनाच्या वावरात?" तिनं विचारलं.

"काय?"

"कोनाच्या वावरात झालं? कोन गेलं?"

मला कळायला वेळ लागला. ती वर्षं तशी होती. पेपराच्या आतल्या पानावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची रोज एक चौकट असायची, आणि पुढे पुढे त्या चौकटीचं अक्षरही बारीक होत गेलं. शहरात आम्ही ती चौकट वाचून पान उलटत होतो. टाकळीत मात्र पहाटे वावराकडून कोणी पळत आलं तर त्याचा अर्थ एकच होता, आणि फक्त नाव विचारायचं बाकी असायचं.

"कोणी नाही हो, मी... मी आपली पळतेय," मी म्हणाले.

"पयून राहिल्या? काहून?"

या प्रश्नाला माझ्याकडे एरवी चांगलं उत्तर असायचं. फुप्फुसं, कुतूहल, अकोला. तिथे त्यातलं काही तोंडातून निघेना. वावरांकडे गेलेली माणसं परत आली. बाज पुन्हा आत गेली. एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले आणि म्हणाला, "म्याडम, गावाबाहेर कितीही पया. गावात मात्र चाला जी."

त्या दिवसापासून मी टाकळीत चालू लागले. वेशीपर्यंत पळायचं, गावातून चालायचं, पलीकडे निघालं की पुन्हा पळायचं. शर्यतीच्या तयारीचं जे कोष्टक मी मासिकातून कापून भिंतीला चिकटवलं होतं त्यात असा प्रकार कुठेच नव्हता. लय तुटायची, अंग गार पडायचं. पण चालल्यामुळे माणसं दिसू लागली. कोपर धरणारी बाई म्हणजे कुसुमताई, हे कळलं. त्या रोज हापशीवर असायच्या, पण गुंड भरून झाला तरी जायच्या नाहीत. पदर डोक्यावर घेऊन वावरांच्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

एके दिवशी त्या माझ्याबरोबर वेशीपर्यंत चालत आल्या.

"बाई, तुमी पुलालोक जाता नं?"

"हो."

"पुलाच्या अलीकडं आमचं वावर हाय. आमचे घरचे रात्री ओलिताले जाते. लाईन रात्रीच येते, मोटार रात्रीच चालते. पन थे..." त्या थांबल्या. "बैलाचा पोया झाला तवापासून बोलतच नाई कोनाशी. जेवते, जाते, येते. मले लय भेव वाटते."

"तुम्ही जात नाही का सोबत?"

"मी गेली का राग येते त्याईले. म्हनते, माह्यावर पहारा देतं का? तुमी परक्या. तुमचा राग नाई यायचा. जाता जाता एक आवाज देत जा. हाय का म्हना. बस."

त्या गजाननदादांबद्दल बोलत होत्या, आपल्या नवऱ्याबद्दल. मी हो म्हणाले. हो म्हणण्याइतकं सोपं काय असतं?

दुसऱ्या दिवशी त्या वावरापाशी आले तेव्हा अजून काळोख होता. मोटारीची घरघर ऐकू येत होती आणि पाटात पाणी चाललेलं. मी पळतच ओरडले, "दादा, आहे का?"

बराच वेळ काही नाही. मग पऱ्हाटीतून कुठूनतरी एक जाड, न वापरलेला आवाज आला, "हाओ!"

एवढंच. परत येताना मी कुसुमताईंना म्हणाले, "आहेत." त्यांनी मान हलवली, गुंड डोक्यावर घेतला आणि घरी गेल्या.

असं रोज सुरू झालं. मला त्या माणसाचं तोंड माहीत नव्हतं. उंच की ठेंगणा, मिशा आहेत की नाहीत, काही नाही. मी त्याला एका शब्दावरून ओळखत होते आणि त्या शब्दाचा अभ्यास करत होते. आज लांबून आला. आज लगेच आला. आज त्यात खोकला होता, म्हणजे थंडी बाधली असावी. शाळेत मुलं हजेरीला "यस म्याडम" म्हणतात त्यावरून मला त्यांचा घरचा दिवस कळतो, तसा मी हा "हाओ" वाचायचा प्रयत्न करायची. एका शब्दावर माणूस किती दिवस उभा राहू शकतो, असाही प्रश्न मला पडायचा आणि मी तो लगेच झटकून टाकायची.

माझा वेग त्या दिवसांत वाढला. भिंतीवरच्या कोष्टकाप्रमाणे तो वाढायला हवाच होता, पण खरं कारण मला ठाऊक आहे. गाव संपल्यापासून त्या वावरापर्यंतचा तुकडा मी भीतीनं पळायची. आवाज आला नाही तर काय करायचं, हे कुसुमताईंनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. "हाओ" ऐकू आला की पाय एकदम हलके व्हायचे आणि पुलापर्यंतचा रस्ता मी जवळजवळ नाचत जायची. दहिवरानं ओला झालेला हरभरा, पाल्याचा तो आंबट वास, पुलाखालचं पातळ पाणी, सगळं मला त्यानंतरच दिसायचं.

कापसाच्या पहिल्या वेच्याला वावरात पूजा करतात, सीतादई म्हणतात तिला. त्या दिवशी कुसुमताईंनी दहीभाताचा घास माझ्या तळहातावर ठेवला. "खा. पयायले ताकद येते." पळून आल्यावर दहीभात खाऊ नये असं कोष्टकात होतं. मी खाल्ला.

आता त्या फाट्यावर दोन्हीकडे प्लॉटचे पांढरे दगड आहेत. कमानी आहेत, त्यांच्यावर बागांची नावं आहेत आणि आत बाग नाही. सकाळी तिथे चांगले शंभरेक लोक पळतात, चालतात, मनगटावरच्या घड्याळात पाहतात. मी कधीतरी कोपऱ्यावर चहा घेत त्यांच्याकडे बघत बसते. त्यांना बघून कोणी उठत नाही, कोणी बाज काढत नाही. हे बरंच आहे. तरी मला कधी कधी वाटतं, एखाद्याला थांबवून विचारावं, तू कोणाच्या वावराजवळून येतोयस? तो म्हणेल, म्हातारी चळली.

शर्यत जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. त्या पहाटे धुकं होतं. मोटार बंद होती, लाईन गेली असणार. मी ओरडले, "दादा, आहे का?"

काही नाही.

मी थांबले. पुन्हा हाक दिली. तुरीतून एक टिटवी ओरडत उठली, बाकी सगळं गप्प. मी रस्ता सोडून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आत पळाले. ओलिताची काळी माती ती, चार पावलांत बुटांना असे लगदे चिकटले की पाय उचलेना. मी बूट ओढत, पऱ्हाटीच्या काड्यांना धरत विहिरीपर्यंत गेले. माझी छाती फुटायची बाकी होती.

गजाननदादा विहिरीच्या काठावर बसले होते. पाय आत सोडलेले. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, जोडीनं, देवळाबाहेर ठेवतात तशा. मिशा होत्या त्यांना. केस पांढरे होते आणि चेहरा माझ्या मनातल्यापेक्षा तरुण होता.

मी धापा टाकत उभी राहिले. त्यांनी वळून पाहिलं ते माझ्या पायांकडे.

"बुटं खराब केले," ते म्हणाले.

"आवाज... आवाज आला नाही."

"नाई दिला. आज नव्हता द्याचा."

मी खाली बसले, तिथेच, ओल्या मातीत. काय बोलतात अशा वेळी? तेच म्हणाले,

"तुमी थांबसान असं नव्हतं वाटलं. तुमी तर कवाच नाई थांबत."

"कुसुमताई वाट पाहतात," मी म्हणाले.

"हाओ. थे पाह्यते." ते विहिरीतच बघत होते. "तुमच्यासाठीच तर बसतो जी मी रोज. ओलित तर लवकरच आटपते. म्हटलं, बाई मानूस, एकटी, अंधाराची पयून राह्यली. ट्रकवाले जाते-येते रस्त्यानं. पुलाहून वापस गेली का मंग निघतो मी. तुमी आवाज देता, मले वाटे, भेव वाटत असन बिचारीले. म्हून हाओ म्हनतो."

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे दिवस उलटे फिरले. हापशीवर ताटकळणाऱ्या कुसुमताई, उशिरा येणारा नवरा, आणि त्याला उशीर माझ्यामुळे. मी त्यांच्यावर लक्ष ठेवत होते आणि ते माझ्यावर. खरं सांगून टाकावं असं एकदा जिभेवर आलं. पण चपला बाजूलाच होत्या.

"वाटते मला भीती," मी म्हणाले. ते खोटं नव्हतंच. "रोज वाटते. तुम्ही आवाज दिला की मग पुढे जाता येतं. उद्या थांबाल?"

मग त्यांनी पाय वर घेतले. एक काडी मोडली, माझ्याजवळ उकिडवे बसले आणि माझ्या बुटांची माती खरडू लागले. मी नको नको म्हणत राहिले.

"रोज येसान?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"रोज."

"मंग थांबीन."

मी परत आले तेव्हा कुसुमताई वेशीच्याही पुढे आल्या होत्या. त्यांनी माझे कपडे पाहिले, माती पाहिली. मी म्हणाले, "आहेत. मागून येताहेत." गजाननदादा धुक्यातून दिसले तेव्हा त्या हापशीकडे वळल्या आणि भरलेलाच गुंड पुन्हा धुवायला लागल्या.

कोष्टकात दर आठवड्याला विश्रांतीचे दिवस होते. शर्यतीपूर्वी तर पायांना अजिबात ताण देऊ नका, असं जाड अक्षरात होतं. मी एकही दिवस चुकवला नाही. ताप होता तेव्हा नसरीनआपांनी दुकानाच्या दारातच अडवलं. "मेडल पाहिजे म्हनून मरतं का?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि मला मफलर बांधला. "जा. चलके जा, लेकिन जा."

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी रस्त्यावरून ओरडून सांगितलं, "दादा, उद्या येणार नाही. अकोल्याला पळायचं आहे. परवा येते!" पऱ्हाटीतून जरा वेळानं आवाज आला, "परवा नक्की नं जी?" माझ्या हाकेला "हाओ"पलीकडे आलेलं ते पहिलंच उत्तर. दिवसभर ते माझ्या कानात होतं.

अकोला नसरीनआपांचं माहेर. बडनेऱ्याहून आम्ही पॅसेंजरनं गेलो. त्यांच्या अम्मींनी मला इतकं खाऊ घातलं की पळणं सोडा, चालणंही अवघड झालं असतं. सकाळी शहर अजून आळस देत होतं आणि आम्ही पळत होतो, पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण पुढे, आणि मागे माझ्यासारखे हौशी. एक गंमत मात्र झाली. वस्ती आली, रस्त्याच्या कडेला माणसं उभी दिसली की माझे पाय आपोआप चालायला लागायचे. "ओ ताई, पळा ना, थांबल्या काहून?" लोक टाळ्या वाजवून ओरडायचे. मला ते खरं वाटायचं नाही. माणसं मला पळताना बघून हसताहेत, टाळ्या वाजवताहेत, कोणाचं नाव विचारत नाहीत. एका चौकात मला भर रस्त्यात रडू आलं आणि मी रडत रडत पळाले. पोचले तेव्हा मांडव काढायला सुरुवात झाली होती. गळ्यात एक पदक पडलं, हातात एक केळं.

"इतना भागके एक केला?" नसरीनआपा म्हणाल्या, आणि मला घट्ट मिठी मारली.

सोमवारी पाय लाकडाचे झाले होते. जिना मी पाठमोरी, कठड्याला धरून उतरले. पळणं शक्यच नव्हतं. मी चालत निघाले, एकेक पाऊल उचलून ठेवत. फाट्यापर्यंतच उजाडलं. टाकळी आली तेव्हा ऊन पडलं होतं. हापशीवर कुसुमताई नव्हत्या. त्यांच्या घराला कडी होती. विचारायचं कोणाला आणि कसं? त्या गावात विचारायचा जो प्रश्न होता तो मला विचारवेना. मी पळायचा प्रयत्न केला, गुडघा दुमडला, भिंतीला धरून उभी राहिले आणि पुन्हा चालू लागले. गावाबाहेरचा तो तुकडा एरवी मी किती भर्रकन पार करायची. त्या दिवशी तो संपेना.

वावराच्या अलीकडे, भर रस्त्यात, दोघंजणं उभी होती. गजाननदादांच्या हातात सायकल होती. कुसुमताई तिचं मागचं कॅरिअर धरून त्यांच्याशी काहीतरी वाद घालत होत्या. मला बघताच दादांनी सायकल तिथेच आडवी टाकली आणि तरातरा माझ्याकडे आले.

"काहून जी इतका उशीर? परवा येतो म्हटलं नं तुमी? हे काय टाइम झाला? सूर्य कुठी आला पाहा! मी म्हनतो ट्रकनं उडवलं का काय, अकोल्यालेच पडली का काय, कोनाले विचारू? तुमचं घर मले माहीत नाई, नाव माहीत नाई! निघतच होतो मी अमरावतीले. निरोप द्याले काय झालं होतं? मानूस इथी बसून राह्यते, जीव टांगनीले लागते त्याचा, कळते का तुमाले?"

माझ्याकडे पाय दुखण्याचं कारण होतं, पदक होतं, सगळं होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात कुसुमताईंनी मागून माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"बोलू द्या, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "लय दिवसानं कोनावर रागावून राहिले."

मी गप्प उभी राहिले आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं.